चिकटलेले आतडे आणि आखडलेला स्नायू

गेल्या दोन वर्षांत माझी वहिनी, आमच्या सोसायटीतील एक शेजारीण आणि कार्यालयातील एक सहकारी अशा तिघींनी मला एकच प्रश्न विचारला : "तू त्या एन्झाइमच्या गोळ्या घेत होतीस ना, त्यांनी आतले चिकटलेले सुटले का?" तिघींच्याही पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे आणि तिघींनाही ओटीपोटात न थांबणारी कळ आहे. फोनवर दिलेले उत्तर दर वेळी अपुरे पडत गेले, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे सिझेरियन २००८ मध्ये झाले आणि २०१९ मध्ये डाव्या बीजांडकोशावरील चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दुर्बिणीतून काढण्यात आली. त्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर असे नोंदवले आहे की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डाव्या बीजांडकोशाला आणि ओटीपोटाच्या भिंतीला चिकटलेला होता व तो शक्य तितका सोडवला. या चिकटण्यालाच डॉक्टर अ‍ॅडहिजन म्हणतात. पुढचे वर्ष बरे गेले. त्यानंतर सिझेरियनच्या व्रणाच्या डाव्या टोकापासून मांडीच्या सांध्यापर्यंत ओढ बसू लागली. कोथरूड डेपोहून शिवाजीनगरला जाणाऱ्या बसमध्ये प्रत्येक गतिरोधकापूर्वी माझा तळहात आपोआप पोटाच्या त्या कोपऱ्यावर जाऊन घट्ट दाबला जाई, आणि बसायला जागा मिळाली तरी मी उभी राहत असे, कारण वीस मिनिटे बसले की उठताना कण्हावे लागे.

सोनोग्राफी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा नॉर्मल आली. एका रुग्णालयात मला सांगण्यात आले की रिपोर्टमध्ये काही नाही, तेव्हा ताण कमी घ्या. त्या दिवशी रिक्षात बसून मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. चिकटलेले पट्टे साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय आणि आतडे एकमेकांवरून मोकळेपणाने सरकतात की नाही, हे जाणकार डॉक्टर मुद्दाम तपासून पाहू शकतात, पण तसे तपासावे लागते. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ दुखत नाही असा होत नाही, एवढे तरी रुग्णाला सांगितले गेले पाहिजे.

गोळ्यांविषयी लिहिण्यापूर्वी चिकटण्याची क्रिया समजून घ्यावी लागते, कारण साऱ्या दाव्यांची कसोटी तेथेच लागते. पोटाच्या पोकळीला आतून पेरिटोनियम नावाचे पातळ, ओलसर अस्तर असते आणि त्याच्यामुळे आतडी, गर्भाशय, मूत्राशय हे अवयव एकमेकांवरून सरकत राहतात. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) किंवा आपल्याकडे अजूनही आढळणारा जननेंद्रियांचा क्षयरोग यांमुळे हे अस्तर सोलवटले की काही तासांत त्या जागी फायब्रिनचा चिकट थर जमतो. जखमेवर खपली धरते, तसाच हा प्रकार आहे. एरवी शरीरातील प्लाझमिन हे एन्झाइम तो थर विरघळवते आणि साधारण आठवड्याभरात अस्तर पुन्हा नीट होते. मात्र रक्तपुरवठा कमी पडला किंवा दाह टिकून राहिला की ही विरघळण्याची क्रिया मंदावते, उरलेल्या फायब्रिनमध्ये पेशी शिरतात, त्या कोलॅजेनचे धागे विणतात, पुढे त्यात रक्तवाहिन्या आणि कधीकधी मज्जातंतूही वाढतात, आणि जो पट्टा तयार होतो तो खपली राहत नाही, तो जिवंत ऊतीचाच भाग होतो. म्हणजे बहुतांश निर्णय पहिल्या काही दिवसांत होऊन जातो. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी गोळी सुरू करणाऱ्या माझ्यासारखीच्या पोटात विरघळण्याजोगे फायब्रिन जवळजवळ उरलेलेच नसते.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. परदेशात राहणाऱ्या नणंदेने मोठ्या मायेने सेरापेप्टेजच्या दोन बाटल्या पाठवल्या. प्रत्येक कॅप्सूल १,२०,००० युनिटची होती आणि ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची होती. काही दिवसांनी औषधांचा डबा आवरताना दाढेच्या रूट कॅनालनंतर मिळालेली गोळ्यांची अर्धी पट्टी हाती लागली. तिच्यामागे बारीक अक्षरांत वेदनाशामकाच्या जोडीला सेराशिओपेप्टिडेज १० मिलीग्रॅम असे छापलेले होते. नाव थोडे निराळे असले तरी वस्तू तीच होती, आणि १० मिलीग्रॅम म्हणजे २०,००० युनिट. जे औषध आपले दंतवैद्य आणि हाडांचे डॉक्टर सूज उतरावी म्हणून वर्षानुवर्षे लिहून देत आले आहेत, तेच मी सहापट मात्रेत एका नव्या आशेने घेत होते.

या एन्झाइमची हकिगत सांगण्यासारखी आहे. रेशमाच्या किड्याच्या आतड्यातील एका जिवाणूपासून १९६० च्या दशकात ते जपानमध्ये वेगळे करण्यात आले, आणि पतंग याच एन्झाइमने कोश विरघळवून बाहेर पडतो, असे जाहिरातीत आवर्जून सांगितले जाते. जपानमधील ताकेदा कंपनीने डासेन या नावाने ते अनेक वर्षे विकले. पुढे नव्याने चाचणी घेतली असता ते औषधहीन गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि २०११ मध्ये कंपनीने स्वतःहून ते बाजारातून मागे घेतले. ज्या देशात ते जन्मले तेथेच ते थांबले, आणि आपल्याकडे मात्र कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते, याचे मला वाईट वाटते. हे प्रथिन आहे, त्यामुळे जठरातील आम्लापासून वाचवण्यासाठी गोळीवर लेप द्यावा लागतो आणि त्यानंतरही रक्तात पोहोचते ते अत्यल्प. अननसाच्या देठातील ब्रोमेलेन, नात्तो या आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी पदार्थातील नाटोकायनेज, आपल्याकडची ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनची जोडी या साऱ्यांपुढे हाच अडसर आहे. शिवाय रक्तात पोहोचलेल्या अंशाने नेमका ओटीपोटातील पट्टा ओळखावा आणि शेजारची निरोगी ऊती सोडून द्यावी, अशी कोणतीही सोय त्यात नाही. जुन्या अ‍ॅडहिजनवर या गोळ्या गुणकारी आहेत असे दाखवणारी, माणसांवर नीट घेतलेली चाचणी मला सापडली नाही.

तरीही माझ्या वहीतील नोंदी मी लपवणार नाही. मी रोज रात्री शून्य ते दहा असा वेदनेचा आकडा लिहीत असे. पहिल्या महिन्यात तो सातवरून पाचावर आला आणि मी नणंदेला आनंदाने फोन केला. दुसऱ्या महिन्यात तो पुन्हा साडेसहा झाला, तिसऱ्यात सातच. वही उलगडून पाहिली तेव्हा लक्षात आले की पहिल्या महिन्यात दिवाळी होती, नऊ दिवस बसचा प्रवास नव्हता, आणि दुपारी आडवे व्हायला मिळत होते.

यावरून मला नेदरलँड्समधील एका चाचणीचे महत्त्व कळले, जी २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ पोट दुखणाऱ्या आणि चिकटलेले पट्टे असलेल्या १०० रुग्णांची दुर्बिणीतून तपासणी करण्यात आली, त्यांपैकी ५२ जणांचे पट्टे सोडवले, ४८ जणांच्या पोटात फक्त पाहून दुर्बीण बाहेर काढली आणि कोणाला काय केले हे रुग्णांना सांगितले नाही. वर्षभराने दोन्ही गटांचे दुखणे बरेच कमी झाले होते आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दुसरी शस्त्रक्रिया करण्यास का नकार दिला होता, ते मला तेव्हा पटले. त्या म्हणाल्या होत्या, "मी सोडवीन, पण सोडवलेली जागा पुन्हा चिकटू शकते, आणि तुमची कळ तिथूनच येते याची मला खात्री नाही." आतड्याला अडथळा झाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा शस्त्रक्रिया टाळून चालत नाही.

कळ नेमकी कोठून येते, हा प्रश्न मग माझ्यापुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर मालिशच्या वाटेने आले. पहिला प्रयत्न मात्र फसला. बाळंतपणात मला तेल लावायला येणाऱ्या मावशींना मी पुन्हा बोलावले. त्यांच्या हातांविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. त्यांनी पोट चाचपले, बेंबी सरकली आहे असे सांगितले आणि अंगठ्यांनी खोल दाब देऊन ती बसवण्याचा प्रयत्न केला. पुढचे दोन दिवस मला सरळ उभे राहता आले नाही. दोष त्यांचा नव्हता. व्रणाखाली काय झाले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मीही ते सांगितले नव्हते.

त्यानंतर स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर, म्हणजे पेल्विक फ्लोअरवर काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. पहिल्या भेटीत तिने तेल काढले नाही की मालिश केली नाही. मला उताणे झोपवून, गुडघे वाकवून, तिने एका बोटाने दुखणारा बिंदू शोधला, बोट तेथेच ठेवले आणि मला डोके व खांदे उचलायला सांगितले. आतडे दुखत असेल तर पोटाचे ताणलेले स्नायू ढालीसारखे मध्ये येतात आणि दुखणे कमी होते. माझे दुखणे एकदम वाढले. ही खूण जॉन कार्नेट या अमेरिकन शल्यविशारदाने १९२६ मध्ये सांगितली आणि तिला काही सेकंद लागतात. चार वर्षांत ती कोणीही करून पाहिली नव्हती. याचा अर्थ असा की माझ्या वेदनेचा मोठा भाग आतल्या आतड्यात नव्हता, तो पोटाच्या भिंतीत, व्रणाच्या टोकाशी होता.

दुसऱ्या भेटीत, प्रत्येक पायरी आधी समजावून आणि माझी संमती घेऊन, तिने हातमोजा घालून योनीमार्गातून एका बोटाने स्नायू तपासले. डाव्या बाजूच्या ऑब्ट्युरेटर इंटर्नस या स्नायूवर हलका दाब पडताच मांडीपर्यंत जाणारी तीच ओळखीची कळ उठली. चार वर्षे जिचा उगम कोणालाही दाखवता आला नव्हता, ती कळ एका बोटाखाली सापडली. दुखेल या भीतीने शरीर जे स्नायू वर्षानुवर्षे आवळून धरते, ते पुढे स्वतःच दुखू लागतात, असे तिने सांगितले. मी लगेच विचारले की मालिशने चिकटलेले सुटेल का. ती म्हणाली, "मी तुमचे आतडे सोडवणार नाही आणि सोडवते असे म्हणणार नाही. व्रणाची त्वचा आणि हे स्नायू मात्र आपण मोकळे करू शकतो."

हाताने अ‍ॅडहिजन सुटतात असे सांगणारे लोक अर्थातच आहेत. फ्लोरिडातील बेलिंडा आणि लॅरी वर्न या दांपत्याने तशी एक पद्धत विकसित केली. बेलिंडा यांना स्वतःलाच कर्करोगावरील किरणोपचारांनंतर ओटीपोटात चिकटण्याचा तीव्र त्रास झाला होता, त्यामुळे त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. त्यांच्या अभ्यासांत मात्र तुलनेसाठी योग्य गट नसल्याने निष्कर्ष पक्का होत नाही. २०१२ मध्ये जेफ्री बोव्ह आणि सुझन शापेल यांनी उंदरांवर केलेला प्रयोगही वारंवार पुढे केला जातो, परंतु त्यातील सर्वांत स्पष्ट परिणाम शस्त्रक्रियेनंतर लगेच पोट हाताळलेल्या उंदरांत दिसला, आणि ज्यांना आधी चिकटू दिले होते त्यांचे पट्टेही जेमतेम आठवड्याचे होते. वर सांगितलेल्या फायब्रिन आणि कोलॅजेनच्या क्रमाशी हे अगदी जुळते. याउलट स्नायूंच्या बाबतीत भक्कम पुरावा आहे. मूत्राशयाचे दुखणे आणि पेल्विक फ्लोअरचा ताण असलेल्या ८१ स्त्रियांवरील अमेरिकेतील एका चाचणीत ओटीपोटाच्या स्नायूंवर नेमके उपचार केलेल्यांपैकी ५९ टक्के, तर सर्वांगाला साधी मालिश केलेल्यांपैकी २६ टक्के स्त्रियांना स्पष्ट आराम पडला. तो आजार निराळा होता, पण स्नायू तेच होते.

माझी एकूण चौदा सत्रे झाली. घरी रोज रात्री व्रणाची त्वचा चिमटीत धरून हळूहळू लाटायची आणि पोटात खोल श्वास घेत तळाचे स्नायू सैल सोडायचे, एवढेच करायचे होते. प्रारंभी व्रणाच्या डाव्या टोकाशी त्वचा चिमटीत येतच नसे, जणू ती खाली शिवलेली होती. सहाव्या आठवड्यात ती उचलली गेली. वहीतील आकडा सातवरून तीनवर आला आणि आता वर्ष झाले तरी तेथेच आहे. मी बसमध्ये बसून शिवाजीनगरपर्यंत जाते. पट्टे मात्र आजही पोटात असणार, असे मी धरून चालते.

ज्यांना गोळ्यांचा किंवा मालिशचा मार्ग धरायचा आहे त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असताना नाटोकायनेजसारखी एन्झाइमे घेऊ नयेत, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपण काय घेत आहोत हे शल्यविशारदाला आधीच सांगावे. ताप, गरोदरपण, ताजी जखम किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असताना पोटाची खोल मालिश करून घेऊ नये. पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या आणि वात सरणे बंद झाले, तर तो आतड्याचा अडथळा असू शकतो. अशा वेळी गोळी, शेक किंवा मालिश यांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

माझी एक तक्रार अजून शिल्लक आहे. पाळीच्या आधीचे तीन दिवस शौचाच्या वेळी आतून खोल ओढ बसते आणि ती ना गोळ्यांनी बदलली ना चौदा सत्रांनी. ती दर महिन्याच्या त्याच दिवसांत येते, म्हणून ती चिकटण्याची नसून एंडोमेट्रिओसिसची असावी, असे स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचे मत आहे. डायनोजेस्ट हे संप्रेरक सुरू करावे की नाही, हे ठरवण्यासाठी मी पुढच्या आठवड्यात वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.