गोळ्या बंद झाल्या का?

"घरात कुत्रं आल्यावर तुमच्या नैराश्याच्या गोळ्या बंद झाल्या ना?" असं मला बरेच जण विचारतात. काही जण मागाहून हळूच म्हणतात, "मग आम्हीही एखादं आणावं का?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

नाही. गोळ्या चालू होत्या, समुपदेशनही चालू होतं. पुढे डोस उतरला तो डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवला म्हणून. ते श्रेय चिंगीला, म्हणजे आमच्या कुत्रीला, देऊ नका.

तिने केलं ते वेगळंच. माझ्या सकाळी फार वाईट जायच्या. जाग यायची, पण अंग उचलत नसे. पलंगाच्या कडेने लोंबणाऱ्या माझ्या हाताला चिंगी ओलं नाक टेकवायची. आधी नुसतं टेकवायची, थोड्या वेळाने ढुशी द्यायची. घरचे "ऊठ गं" म्हणायचे त्यात काळजी असायची आणि त्या काळजीचंच मला ओझं व्हायचं. चिंगीला फक्त बाहेर जायचं असायचं. मी तोंडही न धुता पट्टा अडकवायची आणि पंधरा मिनिटं फिरून यायची. समुपदेशक ताईंनी हेच धरून ठेवलं. बरं वाटलं की उठू म्हणत थांबलं तर नैराश्यात तो दिवस लांबतच जातो. आधी लहानशी कृती करायची, मन मागून येतं, असं त्या म्हणायच्या. त्या फेऱ्या आम्ही वहीत लिहायला लागलो, आठवड्याला त्यावर बोलायला लागलो. म्हणजे चिंगी उपचारात आली ती अशी, उपचाराच्या जागी नाही.

अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक मिटून गेलेला मुलगा ठरल्या वेळेआधीच पोचला. त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता आणि तो थेट मुलाला जाऊन चाटू लागला. मूल त्याच्याशी खेळू लागलं आणि त्यातून डॉक्टरांनाही त्याच्यापर्यंत वाट सापडली. 1962 साली लेव्हिन्सननी यावर लेख लिहिला, त्यात कुत्र्याला 'सहउपचारक' म्हटलं. त्यातला 'सह' मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि एक गोष्ट, जी सांगताना आजही मला वाईट वाटतं. एका संध्याकाळी मी चिंगीला घट्ट धरून खूप वेळ रडले. ती मान वळवत होती, ओठ चाटत होती, झोप नसताना जांभया देत होती. मला वाटलं, किती शांत बसली आहे! ती अवघडली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. उपचारासाठी प्राणी नेणारी जाणती माणसं नेमक्या याच खुणांवर डोळा ठेवतात आणि दिसल्या की तिथेच थांबतात. त्यानंतर मी तिला धरून ठेवणं सोडलं. शेजारी बसते. यायचं तर ती येते.

म्हणून आणावं का असं विचारणाऱ्याला मी आधी एकच विचारते: ज्या दिवशी तुम्हाला उठता येणार नाही, त्या दिवशी त्याला बाहेर कोण नेणार? नाव सांगता आलं नाही तर तूर्त आणू नका. ओळखीच्या कुणाच्या कुत्र्यासोबत आठवड्यातून दोनदा फिरून या. माझ्याकडे ते नाव भावाचं होतं. मधे दोन आठवडे मला काहीच जमलं नाही, तेव्हा दोन्ही वेळा तोच तिला नेत होता. परत आली की ती पट्ट्यासकट माझ्या खोलीत यायची आणि पलंगाखाली आडवी व्हायची.