डाव्या मनगटाचा एक्स-रे

सप्टेंबर २०२०. करोनामुळे इंदुरात आमची नेट्स बंदच होती. रात्री नऊला दार वाजलं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका वेगवान गोलंदाजाचे वडील आणि त्यांच्या मागे मान खाली घालून तो. चहाही नको म्हणाले. "सर, याचा जन्म २००४चा आहे. तुमच्याकडे दिलेला दाखला २००६चा होता."

बीसीसीआयनं त्या वर्षी सवलत दिली होती. १५ सप्टेंबरपर्यंत स्वतःहून खरं वय कळवलं तर निलंबन नाही, खऱ्या वयाच्या गटात खेळायचं. नंतर सापडलं तर दोन वर्षं बंदी. वडिलांना धास्ती एक्स-रेची होती. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू३ पद्धतीनं हाडांचं वय काढतात. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते, ती वयाबरोबर भरून येते. तिथे दाखल्याचं काही चालत नाही.

"आणि गप्प बसलो तर?" वडिलांनी विचारलं.

उत्तर मुलानंच दिलं. "बाबा, आता नाही जमत. कोणी वय विचारलं की मी आधी मनात वजाबाकी करतो."

दाखला बदलला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. अशा पोराला खेळातून दोन वर्षं बाहेर काढणं मला पटत नाही. खोटा कागद मोठ्या माणसानं केला होता. मोठ्यांत मीही आलोच. चौदा वर्षांखालच्या सामन्यांत त्याचा चेंडू समोरच्या पोरांच्या छातीवर येत होता, ओठावर मिसरूड फुटलं होतं. अंगानंच थोराड आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो, कारण आम्ही जिंकत होतो. सी. के. नायडूंच्या होळकर संघानं चारदा रणजी जिंकलेल्या या गावात मी मुलांना क्रिकेट शिकवतो. त्या रात्री फार लाज वाटली.

पत्र आमच्याच जेवणाच्या टेबलावर लिहिलं. मुलानं सही केली, खरा जन्मदाखला जोडला आणि बारा वाजायच्या आत मेल गेला. त्याला शिक्षा झाली नाही. योग्यच झालं.

पण मला झोप लागेना. २०१८च्या निवडीत पंधरा जणांच्या यादीत एक मुलगा सोळावा राहिला होता. तेरा वर्षांचा डावखुरा फिरकीपटू. काही महिने नेट्सना आला, मग यायचा थांबला. सवलतीच्या त्या नियमांत त्याच्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती. मला हा मोठा अन्याय वाटतो. ज्याची जागा गेली त्याला निदान कळवायला तरी हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामबागेत त्याच्या घरी गेलो. आईनं दारातच खुर्ची दिली. तो दहावीचं पुस्तक हातात घेऊनच बाहेर आला. मी सगळं सांगितलं, माझ्या डोळेझाकीसकट.

"म्हणजे मी पंधरात होतो?"

"होतास."

"मग आता त्या यादीत माझं नाव घालतील का, सर?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं आईकडे पाहिलं. "आई, तू ऐकलंस ना?"