तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एकदाच

"बायकोला किडनी दिलीत, केवढं प्रेम असेल हो!" लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला, सगळीकडे ऐकून झालंय. म्हणायला कौतुक, पण विचारणारा उत्तरासाठी थांबून राहतो. तर घ्या.

त्या वर्षी आमचं धड बोलणं नव्हतं. भांडण असतं तर बरं, तेही नाही. दूध आणलं का, क्लासची फी भरली का, एवढंच. मग हिचं क्रिएटिनिन वाढत गेलं, डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव घातलं. सासूबाई तयार होत्या पण त्यांना शुगर. राहिलो मी. ह्यात हिरोगिरी कुठे आली?

आणि एक सांगू का, आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, आया, बायका, बहिणी. त्यांना लिफ्टमध्ये कोणी अडवत नाही. त्यांनी द्यायचीच असते ना!

क्रॉसमॅचच्या, म्हणजे माझी किडनी हिचं रक्त नाकारेल का ते बघायच्या टेस्टच्या, आधी डॉक्टर म्हणाले, नवऱ्यापासून मूल झालेलं असलं की कधीकधी गरोदरपणातच बाईच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात, मग नेमकी त्याचीच किडनी चालत नाही. मी हसलो. ही म्हणाली, "निघतील, बघ." नाही निघाल्या.

मग कागदपत्रं. 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा, त्याचे 2014 चे नियम, नवरा-बायको असाल तर लग्नाचं सर्टिफिकेट, लग्नातला फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि अख्ख्या कुटुंबाचा एकत्र फोटो. आमच्याकडे शेवटचा एकत्र फोटो सारसबागेतला, मुलगी कडेवर असतानाचा, आणि ती आता दहावीला. म्हणून स्टुडिओत गेलो. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, ही थकलेली, तरी साडी नेसली होती, लिपस्टिकसुद्धा, आणि फोटोग्राफर पोरगा सारखा "सर, जरा जवळ सरका ना, अजून, मॅडमना धरा ना" करत होता आणि मुलगी खाली मान घालून मोबाईल बघत होती. धरायला गेलो तर माझा हात नेमका हिच्या फिस्टुलावर पडला. माहीत नसेल त्यांना सांगतो, डायलिसिसच्या सुईसाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडतात, तिथे कातडीखाली सतत थरथरतं, आत बारीक मोटर चालू असल्यासारखं. इतके महिने सोबत जात होतो पण हात लावलेला नव्हता. "दाबू नको," ही म्हणाली. हात उचलायचा की ठेवायचा कळेना. फोटोत माझा चेहरा तसाच आलाय, आणि तोच आमच्या लग्नाचा पुरावा म्हणून फाईलला लागलाय.

परवानगीसाठीच्या मुलाखतीत कॅमेरा लावून विचारलं, का देताय? म्हटलं, ग्रुप जुळतोय म्हणून. अजून काही? नाही सुचलं. हिला बाहेर येऊन सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. प्रेम म्हणाला असतास तर मी फेडत बसले असते." तेव्हा पटलं होतं. आता वाटतं, म्हणून बघायला काय हरकत होती?

लग्नाआधी झेड ब्रिजवर एकीची वाट बघत बसायचो, तेव्हा कोणी विचारलं असतं तर जीव देईन म्हणालो असतो. जीव द्यायला कागदपत्रं लागत नाहीत. पण तो मुलगा खोटं बोलत होता असंही नाही, झोप उडायची त्याची, आणि माझी हिच्यासाठी तशी कधी उडाली नाही, डायलिसिसच्या काळात उडाली ती भीतीने.

भाची सायकॉलॉजी शिकते. तिने स्टर्नबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा 1986 चा प्रेमाचा त्रिकोण समजावला, जवळीक, ओढ आणि बांधिलकी. आम्ही म्हणजे एका विषयात पैकीच्या पैकी, दोनात ग्रेस. मग प्रेम नव्हतंच, असं कोणी म्हणालं की मात्र डोकं फिरतं. होतं म्हणालं तरी फिरतं.

परवा हिलाच विचारलं. ही टॅक्रोलिमसची गोळी घेत होती, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून असते, ती वेळेवरच लागते. म्हणाली, "उलटं असतं तर मी दिली असती का, ते विचार ना."

"दिली असतीस?"

"माहीत नाही रे."

त्यावरून आमचं जे भांडण झालं ते अजून चालू आहे.