झाडं लावली की पाणी वाढतंच असं नाही

"झाडं लावा, पाणी वाढेल" हे आपण इतक्यांदा ऐकलंय की त्यावर कोणी शंका काढली तर तो झाडांच्याच विरोधात आहे असं वाटायला लागतं. मी नाहीये बरं का विरोधात. पण पाणी जमिनीत मुरणं ही एक गोष्ट आणि मुरलेलं पाणी तिथे उरणं ही दुसरी, आणि झाड ह्यातलं पहिलं काम जोरात करतं म्हणून दुसरंही आपोआप होतं असं अजिबात नाही.

आधी मुरण्याचं बघू. घरी करण्यासारखी एक टेस्ट आहे. दोन वाळलेली ढेकळं घ्या, एक जुन्या झाडाखालचं किंवा कायम गवत असलेल्या जागेचं, दुसरं त्याच्या शेजारच्याच पण दर हंगामात नांगरट होणाऱ्या शेतातलं. चहाच्या गाळणीत ठेवून हळूच पाण्यात बुडवा. नांगरटीचं ढेकूळ बहुतेक वेळा बुडबुडे सोडत बघता बघता फुटतं आणि ग्लासच्या तळाशी गाळ बसतो. गवताखालचं मात्र बराच वेळ तसंच राहतं, पाणीही स्वच्छ. माती मुळात एकच, पण एकीत कण बांधून ठेवणारं काहीतरी शिल्लक आहे आणि दुसरीत ते संपलंय.

ते काहीतरी म्हणजे बारीक मुळं, बुरशीचे तंतू, जिवाणूंचा चिकट पदार्थ आणि कुजलेला पालापाचोळा. साधारण पाव मिलिमीटरपेक्षा मोठे मातीचे रवे मुख्यतः मुळं आणि बुरशी धरून ठेवतात, त्याहून बारीक रवे जुन्या, मुरलेल्या सेंद्रिय पदार्थामुळे टिकतात, हे ऑस्ट्रेलियातल्या टिसडॉल आणि ओड्स ह्या दोन मृदाशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलं आणि आजही मातीवाले लोक तिथूनच सुरुवात करतात. नांगर फिरला की तंतू तुटतात, रव्यांच्या पोटात लपलेला कर्ब (कार्बन) उघडा पडतो आणि जिवाणू तो खाऊन टाकतात. २००२ च्या एका मोठ्या आढाव्यात जंगल मोडून शेती केलेल्या ठिकाणी मातीतला कर्ब सरासरी ४२ टक्के कमी झालेला दिसला आणि कुरण मोडून शेती केली तिथे ५९ टक्के! कुरणात जास्त नुकसान, आणि आपण गवताच्या जमिनीला बिनदिक्कत "पडीक" म्हणून मोकळे होतो.

रवे मोडले की मग उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटतात, सुटलेले बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात, वर खपली धरते, खाली नांगराच्या तळाशी कडक थर असतोच, आणि पाणी मुरायचं सोडून माती घेऊन पळतं.

आता परत झाडं-गवत लावलं तर? वरचे काही सेंटिमीटर तुलनेने लवकर सुधारतात, पालापाचोळा पडतो, गांडुळं येतात, खपली धरायची थांबते. पण खोलवर पाणी नेणाऱ्या वाटा म्हणजे मेलेल्या, कुजलेल्या मुळांची भोकं असतात, आणि मूळ वाढून मरून कुजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, त्याला शॉर्टकट नाही. जड मशीनने दाबलेली खोलवरची माती तर कित्येक वर्षं हलत नाही.

आणि मग झाडं स्वतः पाणी पितात त्याचा हिशेब. बॉश आणि ह्यूलेट ह्या संशोधकांनी १९८२ मध्ये ९४ पाणलोटांवरचे प्रयोग एकत्र करून बघितले, त्यात पाइन आणि निलगिरीचं आच्छादन दर १० टक्क्यांनी बदललं की वर्षाला ओढ्यात येणारं पाणी साधारण ४० मिलिमीटरने उलट दिशेला सरकतं असं दिसलं, म्हणजे झाडं वाढली की पाणी कमी. दक्षिण आफ्रिकेने तर १९९५ पासून बाहेरून आलेली झाडं तोडायचा सरकारी कार्यक्रमच चालवलाय, पाण्यासाठी!

चीनचं लोएस पठार (वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीचा प्रदेश) दोन्ही बाजू एकदम दाखवतं. १९९९ पासून तिथे उतारावरची शेती सोडून झाडं-गवत लावायला शेतकऱ्यांना पैसे दिले गेले. पिवळ्या नदीत एकेकाळी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ यायचा, तो प्रचंड घटला (ह्यात धरणं आणि पायऱ्यांच्या शेतीचाही मोठा वाटा आहे, सगळं श्रेय झाडांना देऊ नका). पण कमी पावसाच्या भागात दाट लावलेल्या रोबिनिया ह्या बाहेरून आणलेल्या झाडांखाली आणि सफरचंदाच्या बागांखाली काही मीटर खोलीवर असा कोरडा थर तयार झालाय की पावसाचं पाणी तिथवर पोचतच नाही. वरची माती भुसभुशीत झाली, पाणी छान मुरतंय, आणि खालची मुळं ते वरच्यावर संपवतायत.

म्हणजे झाडं नकोत का? तसं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात शेतात विखुरलेल्या झाडांचा अभ्यास झाला, २०१६ ला आला, त्यात भूजल सगळ्यात जास्त भरलं ते ना उघड्या जमिनीत ना दाट झाडीत, तर मधल्या विरळ झाडीत. झाडाच्या आसपासची माती सुधारते, तिथे पाणी खोल जातं, आणि झाडं मोजकी असल्यामुळे सगळं पिऊन टाकत नाहीत. मला हे फार पटतं. म्हणूनच हेक्टरी किती रोपं लावली हा आकडा मिरवणाऱ्या कार्यक्रमांचा मला कंटाळा आलाय, कोरड्या भागात तो आकडा जितका मोठा तितकी मला काळजी वाटते.

मोजायचंच असेल तर दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोका, ठरावीक पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते बघा, झाडाखाली, गवतात आणि नांगरटीत, तिन्हीकडे. तिन्ही जागी ओल एकसारखी असताना करा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. आणि पाऊस संपून काही महिने झाले की त्याच तीन जागी दोन-तीन फूट खाली ओल किती उरलीय तेही खणून बघा, कारण डब्याच्या टेस्टमध्ये झाडाखालची जागा जवळजवळ नेहमीच जिंकते.