पीयूसीत गाडी नापास झाली, मग काय काय केलं

तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी माझ्या पार्किंगला लागून आहे. डिसेंबरपासून त्या दोन-तीनदा म्हणाल्या, अगं तुझी गाडी सकाळी चालू झाली की घरभर पेट्रोलचा वास येतो, डोळे चुरचुरतात. मी म्हटलं काकू पीयूसी आहे की, दरवर्षी काढते. आणि ती होतीच, पण कशी निघायची तेही सांगते, व्हॅनवाला नंबरप्लेटचा फोटो काढायचा, पाईप सायलेन्सरला नुसता टेकवायचा, ओटीपी घेतला की कागद हातात. माझ्या गाडीतून खरंच काय बाहेर पडतंय हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलंच नव्हतं आणि मीही कधी विचारलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

यावेळी मुदत संपायला नऊ दिवस होते. मुद्दाम दुसऱ्या पंपावर गेले आणि तिथल्या मुलाला म्हटलं, पाईप पूर्ण आत घाल, मला खरं रीडिंग बघायचंय. त्याने नीट केलं सगळं. गाडी 2012 ची पेट्रोल, पुणे पासिंग, म्हणजे बीएस फोर, गाड्यांच्या धुराच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा (पुण्यासकट 13 शहरांत बीएस फोर एप्रिल 2010 पासूनच होतं, सगळ्या देशात 2017 ला आलं). तिला आयडलवर, म्हणजे रेस न देता, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.3 टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) 200 पीपीएमच्या आत लागतं, मग साधारण 2500 आरपीएमला रेस धरून सीओ 0.2 आणि लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, 1 म्हणजे अगदी बरोबर, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) 0.97 ते 1.03 च्या मधे. माझी आयडललाच सीओ 1.84, एचसी 412, आणि रेसवर लॅम्बडा 0.95. ताई, गाडी रिच चाललीये म्हणाला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय आणि पूर्ण जळत नाहीये.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता सांगितलं, कॅटॅलिटिक (सायलेन्सरच्या पाईपमधला, धूर स्वच्छ करणारा भाग) गेलंय, अठरा हजार. मी तिथून निघाले. कॅटॅलिटिक खराब होतं हे खरं, पण आधी पेट्रोल जास्त का जातंय ते शोधायला नको का, नाहीतर नवीन टाकलेलं पण खराबच होणार.

मग बाबांचे जुने मेकॅनिक काका आहेत धायरीत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी दोनच प्रश्न विचारले, ॲव्हरेज किती देते आणि टेंपरेचरचा काटा कुठपर्यंत येतो. ॲव्हरेज पंधरावरून अकरावर आलेलं, आणि काटा... खरं सांगायचं तर कित्येक महिने तो पाव भागाच्या वर गेलेला मी बघितलाच नव्हता, मला वाटायचं गाडी गरम होत नाही म्हणजे छानच. काकांनी स्कॅनर लावला आणि मला शेजारी बसवून गाडी चालवायला घेतली. वीस मिनिटं झाली तरी कूलंट 61 डिग्री! ते म्हणाले थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा राहून अडकलाय. तो 82 च्या आसपास उघडायला पाहिजे, त्याआधी बंद, म्हणजे इंजिन पटकन तापतं. हा कायम उघडा, त्यामुळे कूलंट सारखं रेडिएटरमधून फिरून गार होतंय, इंजिन गारच आहे असं कॉम्प्युटरला वाटतंय आणि तो पेट्रोल वाढवून देतोय.

प्लग काढले तर चारही काळेकुट्ट, बोट लावलं की तव्याच्या बुडासारखी कोरडी काजळी. ऑइलची डिपस्टिक काकांनी माझ्या नाकाजवळ धरली, चक्क पेट्रोलचा वास, आणि लेव्हल मार्कच्या वर. न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि त्याची वाफ परत इंजिनमध्ये ओढली जाते, त्यामुळे ऑइल तसंच ठेवलं असतं तर थर्मोस्टॅट बदलूनही रीडिंग जास्त आलं असतं म्हणाले. थर्मोस्टॅट, कूलंट, ऑइल आणि फिल्टर, प्लग, एअर फिल्टर, सगळं मिळून सहा हजार चारशे झाले. ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ स्कॅनरवर नीट वरखाली होत होता म्हणून त्याला हात लावला नाही.

टेस्टला जाण्याआधी काकांनी सांगितल्याप्रमाणे नवले पुलावरून कात्रजच्या बोगद्याचा चढ चढून खेड शिवापूरच्या अलीकडून परत आले, थोडा वेळ मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये, कारण कॅटॅलिटिक चांगलं तापल्याशिवाय कामच करत नाही. काटा बरोब्बर मध्यावर. पंपावर गाडी बंद न करताच नंबर लावला. त्याच मुलाने पाईप आत घातला, सीओ 0.06, एचसी 48, रेस दिल्यावर सीओ 0.04, लॅम्बडा 1.01. मी त्याला स्क्रीनचा फोटो काढू दे म्हटलं. सव्वाशे रुपये दिले, मुदत वर्षभराची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली आणि खाली उतरून काकूंच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. पहिलं मिनिटभर थोडा वास येतोच, गार कॅटॅलिटिक असेपर्यंत तो येणार. म्हणून आता गाडी उलटी लावते, सायलेन्सर गेटच्या बाजूला, आणि चालू केली की उभी न ठेवता लगेच हळूहळू बाहेर काढते.