पणजोबांची दोन पदकं, दोन पलटणी

आत्याच्या ट्रंकेत, पानाच्या चंचीत गुंडाळलेली दोन पदकं सापडली. दर दसऱ्याला चिंचेने घासून घासून पदकांवरच्या इंग्रज राजाची दाढी पार झिजली होती. (हे कृपा करून कुणी करू नका. पदक काळं पडलं तरी राहू द्या.)

मजकूर वाचायचा तो कडेवर. भिंग घेऊन उन्हात बसलो. चांदीच्या पहिल्या पदकाच्या कडेवर नंबर, 'शिपाई', पणजोबांचं नाव आणि ११७ मराठा. हे पहिल्या महायुद्धाचं. दुसऱ्यावर तेच नाव, पण 'हवालदार' आणि ५-५ मराठा लाइट इन्फंट्री. काका म्हणाले, "ही दोन वेगळी माणसं असणार. एक आपला, एक कुणीतरी दुसरा." दोन महिने मीही तेच धरून चाललो.

युद्धात मेलेल्यांच्या याद्या इंटरनेटवर आहेत, नाव टाकलं की निघतं. पणजोबा जिवंत परतले, म्हणून त्यात नाहीत. लाहोरला त्या युद्धातल्या सैनिकांच्या नोंदवह्या सापडल्या, पण त्या फक्त पंजाबच्या सैनिकांच्या. साताऱ्याचा माणूस, परत आलेला, शोधायचा कुठे?

गाठ सुटली ती १९२२ मुळे. त्या वर्षी हिंदी लष्कराची फेरमांडणी झाली आणि ११७ वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली, तीच ५-५. म्हणजे माणूस एकच, फक्त पलटणीचं नाव बदललं! दुसरं पदक दीर्घ सेवा आणि सद्वर्तनाचं. ट्रंकेच्या तळाशी पेन्शनचं पिवळं चिठोरं होतं, त्यावर भरती १९११, निवृत्ती १९३२. हिशोब जुळला.

मग आजीचं बोलणं आठवलं: "त्यांना बसऱ्याकडे कोंडलं होतं, घोड्याचं मांस खा म्हणत होते." ११७ वी पलटण कूतच्या वेढ्यात होती. कूत म्हणजे आजच्या इराकमधलं गाव, तिथे तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला वेढलं होतं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपलं तेव्हा घोडे कापले गेले, आणि हिंदी सैनिकांनी बराच काळ ते मांस नाकारलं. शेवटी शरणागती आणि तुर्कांची कैद. असं असूनही हा माणूस पुन्हा पलटणीत गेला आणि हवालदार होऊन निवृत्त झाला.

हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. ती बराच वेळ पदक हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "तरीच. दोन-अडीच वर्षं पत्र नाही म्हणून भावकीने माझ्या आजीला, म्हणजे तुझ्या पणजीला, कुंकू पुसायला सांगितलं होतं. तिने पुसलं नाही."