बॅच १४: सहा तासांचं काम चार तासांच्या आत

गेल्या बॅचपर्यंत घरी बिअर बनवताना पाणी तापत ठेवल्यापासून शेवटची नळी धुऊन टांगेपर्यंत माझे सहा तास जायचे. या वेळी तेच २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) ३ तास ५० मिनिटांत आटोपलं. वेळ कुठे वाचला ते लिहितो.

पहिली ४० मिनिटं आदल्या रात्रीनेच वाचवली. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडून ठेवलं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) तोलून वाट्यांत काढले, भांड्यात पाणी भरून हीटरला टायमर लावला. (एलिमेंट पूर्ण बुडालंय ना, हे झोपायच्या आधी बघाच.) सकाळी पाणी ७० अंशांवर तयार.

मॅश, म्हणजे स्टार्चची साखर व्हावी म्हणून माल्ट गरम पाण्यात मुरवणं, ६० मिनिटांवरून ३० वर आणताना मात्र छातीत धडधडत होतं. तापमान ६६ अंश. घड्याळापेक्षा आयोडीनवर भरवसा ठेवला: पांढऱ्या बशीत वर्टचा (मॅशमधल्या गोड पाण्याचा) एक थेंब, त्यावर आयोडीनचा एक. १५व्या मिनिटाला तो शाईसारखा निळा-काळा झाला, म्हणजे स्टार्च शिल्लक होता. ३०व्या मिनिटाला आयोडीनचा पिवळट तपकिरी रंग जसाच्या तसा राहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. थेंब नितळ वर्टचाच घ्या. टरफलाचा कण आला तर तो काळा पडतो आणि उगाच घाबरायला होतं. बशीतलं वर्ट फेकून द्यायचं.

पण स्टार्च संपला म्हणजे झालेली सगळी साखर यीस्टला पचेलच असं नाही. फायनल ग्रॅव्हिटी (आंबवून झाल्यावरची घनता) नेहमीच्या १.०१० ऐवजी १.०१२ वर थांबली. मला हा किंचित भरीवपणा आवडला. कोरडी, हलकी बिअर हवी असेल तर मॅशला पूर्ण तास द्यावा.

उकळणंही ३० मिनिटंच. कडवटपणा तेवढाच राहावा म्हणून सुरुवातीचे हॉप्स २० ग्रॅमऐवजी २६ ग्रॅम घातले. वाफ कमी जाणार म्हणून पाणी २ लिटर कमी घेतलं होतं. पिल्सनर (अगदी फिकट) माल्ट जास्त असेल तर मी अजून तरी ही काटछाट करणार नाही. त्यातला डीएमएस (गंधकाचं एक संयुग) उडून जायला झाकण उघडं ठेवून लांब उकळावं लागतं, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास राहतो.

उरलेली ३० मिनिटं धुण्यातली. मॅश चालू असताना फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) धुतला, उकळताना मॅशची पिशवी.

सॅनिटायझरमध्ये वस्तू भिजवण्याचा वेळ आणि वर्ट २० अंशांपर्यंत थंड करणं, या दोन्हींना हात लावला नाही. चिलर (वर्ट थंड करायचं साधन) शेवटची १५ मिनिटं उकळत्या वर्टमध्येच ठेवला, म्हणजे तो वेगळा निर्जंतुक करावा लागत नाही. कोरडं यीस्ट वापरल्यामुळे स्टार्टरची (यीस्ट आधी थोड्या वर्टमध्ये वाढवण्याची) आदल्या दिवसाची खटपटही नव्हती.

पुढच्या बॅचला हीच रेसिपी, मॅश ४५ मिनिटं. ग्रॅव्हिटी १.०१० वर उतरते का, ते बघायचंय.